बार्शी लाईट बांधणारा एव्हरार्ड काल्थ्रॉप: एका इंजिनिअरच्या मागावर आखलेली सुट्टी

जुन्या रेल्वे बघत फिरायचं म्हटलं की आपल्याला माथेरानची छोटी गाडी आठवते, नाहीतर शिमल्याची. ब्रिटनमध्ये मात्र हा सुट्टीचा अगदी रुळलेला प्रकार आहे. खेड्यात मुक्काम करायचा, आज एक जुनी लाईन, उद्या दुसरी. या गाड्या बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक चालवतात. तिकीट फाडणारे आजोबा निवृत्त शिक्षक असू शकतात. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, तिथून हे लोण पसरलं.

मी सध्या अशीच एक आठवड्याची सुट्टी आखतोय, पण एक धागा धरून. तो धागा म्हणजे एव्हरार्ड काल्थ्रॉप. तुमचं गाव लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर किंवा मिरजेच्या आसपास असेल, तर तुमच्या आजी-आजोबांनी या माणसाच्या गाडीतून नक्की प्रवास केला असणार. रेल्वेच्या अभ्यासकांमध्ये हा मोठा माणूस. आपल्याकडे त्याची गाडी सगळ्यांना माहीत आणि त्याचं नाव फार थोड्यांना.

काल्थ्रॉपचा जन्म १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशरचा. सपाट, शेतीचा प्रदेश आणि घर शेतकऱ्याचं. तरुणपणी त्याने क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली आणि १८८२ मध्ये तो भारतात आला, जीआयपी रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून. जीआयपी म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी. मुख्य लाईन सोलापूरकडे गेली होती, पण बार्शीसारखी कापसाची भरभराटीची पेठ तिच्यापासून सुमारे ३५ किलोमीटर बाजूला राहिली होती. माल बैलगाडीने स्टेशनवर न्यायचा. ब्रॉडगेजचा फाटा टाकायला खर्च प्रचंड. काल्थ्रॉपच्या डोक्यात किडा शिरला तो इथे: अशा गावांसाठी स्वस्त, पण खेळण्यासारखी नसलेली, खरीखुरी रेल्वे करता येईल का?

आता जरा तांत्रिक भाग, कारण खरी गंमत त्यातच आहे. अनेकांना वाटतं की रूळ जवळजवळ टाकले की रेल्वे स्वस्त होते. ते अर्धंच खरं. बार्शी लाईटचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर होतं. आपलं ब्रॉडगेज १६७६. पण रूळ किती जाड लागतील हे गेजवर ठरत नाही, गाडीच्या एकूण वजनावरही नाही. ते ठरतं एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, जास्तीत जास्त किती भार येतो यावर. पूर्वी इंजिनाचे आस जड असायचे आणि डबे त्या मानाने हलके. मग त्या एका जड इंजिनासाठी अख्ख्या लाईनभर जाड रूळ टाका, आणि डब्यांना त्या ताकदीचा उपयोगच नाही!

काल्थ्रॉपने हिशेब उलटा मांडला. इंजिन असो, प्रवासी डबा असो की भरलेली वाघीण, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. मग इंजिनाला ताकद कशी येणार? आस वाढवून. बार्शीच्या पहिल्या इंजिनांना १२ चाकं होती, म्हणजे सहा आस. वजन साधारण ३० टन, पण ते नीट वाटलेलं. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे, म्हणून स्वतःचं वजन कमी आणि माल जास्त. एवढं सगळं सांभाळणारे रूळ किती जाड? एका यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. आज आपल्या मुख्य लाईनवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. कमी रॅमच्या फोनवर अडखळत नाही असं ॲप लिहिणारा माणूस जसा विचार करतो, तसाच हा विचार.

कल्पना चांगली असली तरी परवानग्या आणि पैसा यांत बरीच वर्षं गेली. काल्थ्रॉप नोकरी सोडून परतला, सल्लागार झाला, पण बार्शी सोडली नाही. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली. गाड्या इकडे पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळमार्ग टाकला आणि लोकांना बोलावून त्या चालवून दाखवल्या. आजच्या भाषेत लाइव्ह डेमो. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजेच कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण सुमारे ३२५ किलोमीटर. कापूस, धान्य आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी. फाटा म्हणून सुरू झालेली लाईन स्वतःच एक जाळं झाली.

माझ्या सुट्टीचा पहिला मुक्काम यामुळेच स्टॅफर्डशरमधल्या मॅनिफोल्ड खोऱ्यात आहे. बार्शीचा अनुभव घेऊन काल्थ्रॉपने इथे १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभी केली. गेज तेच, ७६२. इंजिनांपैकी एकाचं नाव त्याचंच, आणि पुढे भलेमोठे दिवे, भारतातल्या गाड्यांना शोभावेत असे. इंग्लंडच्या हिरव्या दरीत बार्शीची सख्खी बहीणच म्हणा! इथे त्याने आणखी एक युक्ती केली: मोठ्या गेजचा दुधाचा डबा जसाच्या तसा छोट्या गेजच्या गाड्यावर चढवायचा, म्हणजे दूध उतरवून पुन्हा भरण्याची कटकट नाही.

ती गाडी १९३४ मध्ये बंद पडली. इंजिनंही भंगारात गेली. हे आधीच सांगतो, नाहीतर तिथे जाऊन शिट्टीची वाट बघत बसाल. पण मार्ग जिवंत आहे. १९३७ पासून तो पायवाट म्हणून खुला आहे आणि आता हल्म एंड ते वॉटरहाउसेस साधारण १३ किलोमीटर सायकलने जाता येतं. वाटेत थॉर्स केव्ह नावाची प्रचंड गुहा दिसते आणि स्वेन्सलीचा बोगदा लागतो. त्या बोगद्यातून मोटारीही जातात, तेव्हा सायकलचा दिवा चालू ठेवा. हल्म एंडचं जुनं स्टेशन आता पर्यटक केंद्र आहे. वाफेचं इंजिन बघायचंच असेल तर जवळच लीकच्या बाजूला चर्नेट व्हॅली रेल्वे आहे. ती मोठ्या गेजची.

दुसरा मुक्काम वेल्शपूल, वेल्स. रेल्वेने क्रू आणि श्रूजबरी करत जाता येतं. काल्थ्रॉपचा क्रू वाटेत लागतो हे बरंच झालं. वेल्शपूल अँड लॅनफेअर ही १९०३ ची लाईन, गेज पुन्हा ७६२. शिमल्याच्या गाडीचंही गेज आणि सुरू झाल्याचं साल हेच, हा योगायोग मला आवडतो. १९५६ मध्ये ती पूर्ण बंद झाली होती, १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी पुन्हा सुरू केली. २९ फुटांना एक फूट असा तिचा चढ आहे, तो इंजिनाच्या आवाजावरूनच कळतो. मुख्य रेल्वेचं स्टेशन गावाच्या एका टोकाला आणि हिचं दुसऱ्या टोकाला, तेवढा चालायचा वेळ धरा.

प्लॅनिंगची खरी मेख कॅलेंडरमध्ये आहे. अशा गाड्या रोज धावत नाहीत. हिवाळ्यात बऱ्याच बंद, इतर वेळी ठरावीक वार. म्हणून आधी हॉटेल बुक करू नका. आधी प्रत्येक रेल्वेच्या साइटवर धावण्याचे दिवस बघा, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, मग मुक्काम ठरवा. दऱ्यांमध्ये नेटवर्क दगा देतं, तेव्हा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. आणि रविवारी खेड्यातल्या बसच्या भरवशावर राहू नका.

काल्थ्रॉपच्या आयुष्याचा उत्तरार्ध रुळांपासून दूर गेला, आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान अपघातात गेला. काल्थ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. अडचण अशी की कापड आणि दोऱ्या एकमेकांत गुंतायच्या. त्याने घडी अशी बसवली की माणूस खाली पडताना त्याच्याच वजनाने छत्री विमानाला लावलेल्या डब्यातून ओढली जाईल आणि झटकन उघडेल. त्याने तिला गार्डियन एंजल, म्हणजे रक्षणकर्ता देवदूत, असं नाव दिलं. पहिल्या महायुद्धात त्याने ती ब्रिटिश लष्कराला देऊ केली. चाचण्या झाल्या. १९१७ मध्ये ऑर्ड-लीज या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून ती कमी उंचीवरूनही उघडते हे दाखवलं. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरली गेली. पण विमानाच्या वैमानिकांना? नाही. वजन हे एक कारण होतं. दुसरं म्हणजे पॅराशूट असेल तर वैमानिक लढायचं सोडून उडी मारतील ही वरिष्ठांची भीती. जर्मन वैमानिक १९१८ मध्ये पॅराशूट वापरू लागले. ब्रिटिशांनी निर्णय घेतला तोवर युद्ध संपत आलं होतं. तोपर्यंत किती तरी पोरं जळत्या विमानात बसून खाली आली. आसावरच्या पाच टनांचा हिशेब पटवायला त्याला काही वर्षं लागली. हा हिशेब त्याहून सोपा होता, तरी पटला नाही.

त्याला अरबी घोड्यांचंही वेड होतं. घोड्याला धाक न दाखवता शिकवावं या मताचा तो होता, आणि त्यावर त्याने १९२० मध्ये पुस्तक लिहिलं. मार्च १९२७ मध्ये तो वारला. लाईन मिरजेला पोचली तेच वर्ष.

मग बार्शी लाईटचं काय झालं? १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. वेल्शपूलसारखा एखादा तुकडा तरी जपायला हवा होता, असं मला वाटतं. पंढरपूरच्या वाटेवर पाच-दहा किलोमीटर पुरले असते. पण सगळी लाईन जपायला हवी होती, असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी करत पाण्याची गाडी गेली. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. गावं तीच, काल्थ्रॉपच्या लाईनने जोडलेली. आसावरचा भार मात्र त्याच्या पाच टनांच्या कितीतरी पट.