साखळीला शिस्त लावणारे नात्ता

इंजेक्शनची सिरिंज, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये बसवायची जाळी आणि जखम शिवायचा निळा धागा या तिन्हींत बहुधा एकच प्लास्टिक असते, पॉलिप्रॉपिलीन. त्याला उपयोगाचे रूप देणारे जूलिओ नात्ता १९०३ मध्ये इटलीतील इम्पेरिया येथे जन्मले. एकविसाव्या वर्षी मिलानच्या पॉलिटेक्निकमधून ते केमिकल इंजिनीअर झाले आणि १९३८ मध्ये तिथेच प्राध्यापक म्हणून परतले. क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थाची आतली रचना ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता.

१९५२ मध्ये फ्रँकफर्टला त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल त्सिग्लर यांचे व्याख्यान ऐकले आणि ते इतके प्रभावित झाले की आपली माणसे त्यांच्याकडे शिकायला धाडली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्सिग्लर यांना मोठे घबाड सापडले. एथिलीन वायूचे प्लास्टिक करायला तोवर वातावरणाच्या हजारपट दाब लागे. टायटॅनियमचे क्लोराइड आणि ॲल्युमिनियमचे सेंद्रिय संयुग एकत्र केले, की तेच काम साध्या दाबाला होऊ लागले. एकट्या-दुकट्याचे हे काम नव्हे. ॲल्युमिनियम आपल्याजवळचा कार्बनचा गट टायटॅनियमला देऊन त्याला जागे करते. मग टायटॅनियमपाशी वायूचा एकेक रेणू साखळीत ओवला जातो. आपल्या शरीरातली कित्येक एन्झाइम्सही जस्त किंवा मॅग्नेशियमच्या सोबतीशिवाय हलत नाहीत.

नात्तांनी या जोडीपुढे प्रोपिलीन ठेवले. त्याच्या प्रत्येक रेणूला मिथाइलचा एक गट लटकलेला असतो. हे गट साखळीवर कसेही लागले, तर हाती चिकट लगदा येतो. मार्च १९५४ मध्ये मिळालेल्या पदार्थाच्या एका भागात मात्र सगळे गट एकाच बाजूला, ओळीने होते. म्हणूनच ते प्लास्टिक कडक झाले. ते सुमारे १६५ अंशांना वितळते, त्यामुळे ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत तग धरते. या रचनेला ‘आयसोटॅक्टिक’ हे नाव सुचवले नात्तांच्या पत्नी रोझिता यांनी. त्या साहित्याच्या पदवीधर!

जोडीचे हे रसायन शोधणाऱ्यांची जोडी मात्र टिकली नाही. आपल्याला न सांगता नात्तांनी प्रोपिलीनवर काम केले, हे त्सिग्लरना लागले. पेटंटचे वाद झाले. त्यांची नाराजी गैर म्हणता येणार नाही. पण साखळीतली शिस्त ओळखणारी नजर नात्तांचीच होती.

१९६३ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. नात्तांना १९५६ पासून पार्किन्सनने ग्रासले होते. रेणूंना ओळीत उभे पाहणाऱ्या माणसाच्या हातापायांची हालचालच ताब्यात राहिली नव्हती. लेव्होडोपा सर्रास मिळू लागायला अजून काही वर्षे होती. स्टॉकहोमला भाषणासाठी मुलाने आणि चार सहकाऱ्यांनी त्यांना आधार दिला. १९६८ मध्ये रोझिता गेल्या. नात्तांचे निधन २ मे १९७९ रोजी बेर्गामो येथे झाले.