स्वामी कुवलयानंद आणि नासाशुद्धी

कावेरीच्या काठी कुंभकोणम् नावाचे प्राचीन क्षेत्र आहे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे, दर बारा वर्षांनी, माघातील मघा नक्षत्रावर तेथील महामहम् तीर्थात लक्षावधी भाविक स्नान करतात. आणि तोच गुरू सिंहस्थ असताना इकडे गोदातीरी नाशिकला कुंभपर्व भरते. एका क्षेत्राचे नाव कुंभावरून पडले, तर दुसऱ्याचे, लोकपरंपरेप्रमाणे, शूर्पणखेच्या नासिकेवरून. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठी गादी स्थापिली, तेव्हापासून कुंभकोणम् परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे नांदत आली आहेत. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि देवघरात संस्कृत, असा त्यांचा संसार. प्रातःकाळी संध्येला बसलेला तिकडील गृहस्थ असो की नाशिकच्या रामकुंडावरील असो, आचमन झाले की दोघांचाही हात आपोआप नाकाकडे जातो. प्राणायामाखेरीज संध्या नाही, आणि नासिकेखेरीज प्राणायाम नाही.

परंतु नाक चोंदलेले असले म्हणजे? पडशाने बेजार झालेला गृहस्थ नाकपुड्यांना नुसता अंगठा लावून प्राणायाम झाला असे मानतो आणि पुढच्या मंत्राकडे वळतो. दोन्ही क्षेत्री हा अनुभव सारखाच. गीतेच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी भगवंतांनी नासिकेतून संचार करणाऱ्या प्राणापानांना सम करण्यास सांगितले आहे, सहाव्यात नासिकाग्राकडे दृष्टी लावण्यास सांगितले आहे. पण ज्याचा श्वास तोंडावाटे घरघरत चालला आहे, त्याने समत्व आणावे तरी कशात? प्राणाचे हे द्वार मोकळे राखण्याची विद्या आपल्या हठयोग्यांजवळ होती. ती गुहेतून व मठातून बाहेर काढून, प्रयोगशाळेच्या मेजावर ठेवून पारखण्याचे धैर्य ज्या मराठी पुरुषाने दाखविले, त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. दिनांक ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षक; घरची स्थिती इतकी बेताची की काही काळ दुसऱ्यांच्या साहाय्यावर दिवस काढावे लागले. अशा परिस्थितीत शिकून १९०३ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढील शिक्षण बडोद्यास झाले. त्या काळी बडोदे हे विद्येचे आणि देशभक्तीचे माहेरघर होते. श्रीअरविंद तेथे अध्यापक होते, लोकमान्यांच्या लेखणीने तरुण पेटले होते. गुणे यांनी याच सुमारास आजन्म ब्रह्मचर्याचा आणि देशसेवेचा निश्चय केला.

सेवेला बलिष्ठ शरीर हवे, म्हणून १९०७ ते १९१० या काळात ते जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्यापाशी देशी व्यायामाचे शिक्षण घेत होते. तालमीतील ही वर्षे त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाची आहेत. ग्रंथ वाचून योगावर बोलणारे पंडित पुष्कळ असतात. गुणे यांनी मात्र शरीर हे काय यंत्र आहे हे प्रथम स्वतःच्या स्नायूंनी जाणून घेतले.

नंतर ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षणसंस्थेत रुजू झाले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. १९२३ मध्ये इंग्रज सरकारच्या रोषामुळे ते महाविद्यालय बंद पडले. वयाची चाळिशी आली, हातचे काम गेले, संसार तर मुळातच नव्हता. पण तोपर्यंत त्यांच्या आयुष्याने दुसरे वळण घेतलेले होते.

१९१९ साली नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध बंगाली योग्यांची आणि त्यांची भेट झाली. माधवदासजींनी त्यांना योगाची दीक्षा दिली व क्रिया शिकविल्या. गुरूवर निष्ठा जडली. पण निष्ठा जडली म्हणून जिज्ञासा निमाली नाही. उड्डियान आणि नौली या क्रियांनी शरीराच्या आत नेमके काय घडते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात, आपल्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, त्यांनी या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली.

आज ही गोष्ट साधी वाटते. त्या वेळी ती तशी नव्हती. गुरुमुखातून मिळालेली विद्या यंत्रापुढे ठेवावयाची आणि यंत्राने उलट साक्ष दिली तर? श्रद्धावंतांच्या दृष्टीने हे औद्धत्य होते. तर सुशिक्षितांच्या दृष्टीने बैराग्यांच्या खेळांवर वेळ दवडणे हाच वेडेपणा होता. दोहोंकडून बोल लागण्याचा हा मार्ग त्यांनी समजूनउमजून पत्करला.

यंत्राने जी साक्ष दिली ती मोठी मनोहर होती. बस्तिक्रियेत योगी पाण्यात बसून, कोणत्याही पिचकारीवाचून, आतड्यात पाणी ओढून घेतो. हे कसे घडते याविषयी नाना तर्क होते. कुवलयानंदांनी दाबमापकाने मोजून दाखविले की नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि त्या अंशतः निर्वात झालेल्या पोकळीत पाणी आपोआप चढते. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. अशी गुरुदक्षिणा क्वचितच कोणी दिली असेल.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम या आश्रमाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधी रक्तदाबाने आजारी असताना स्वामीजींनी त्यांना आसनांविषयी मार्गदर्शन केले. १९३१ मध्ये आसने आणि प्राणायाम यांवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, असे त्या काळी योगाचे पुरस्कर्ते मोठ्या हौसेने सांगत. ही कल्पना योगाला अनुकूल होती, लोकांना आवडणारी होती. स्वामीजींच्या मोजमापांत मात्र ती टिकली नाही. प्राणवायूचे ग्रहण फारसे वाढत नाही असे दिसून आले, आणि त्यांनी तसे स्पष्टपणे लिहिले. प्राणायामाचे मोल दुसरीकडे शोधावे, असत्याच्या आधारावर त्याची थोरवी उभी करू नये, ही त्यांची भूमिका होती. आपल्याच पक्षाचा लाडका युक्तिवाद आपल्याच हातांनी खोडून काढणे हे परपक्षाचे खंडन करण्याहून किती अवघड आहे, हे ज्याने वाद केले आहेत त्यालाच कळेल.

हाच चोखपणा नासाशुद्धीच्या बाबतीतही उपयोगी पडतो. हठप्रदीपिकेत धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी सहा कर्मे सांगितली आहेत. त्यातील नेती सूत्राची आहे : वीतभर लांबीचे मऊ सूत नाकातून घालून तोंडावाटे काढावयाचे. पाण्याने नाक धुण्याचा प्रकार घेरंडसंहितेत आढळतो, पण तेथे त्याचे नाव नेती नसून व्युत्क्रम कपालभाती असे आहे. नाकाने पाणी ओढावे आणि तोंडाने सोडावे, असा त्याचा विधी. वैद्यकग्रंथांतही पहाटे नाकाने पाणी पिण्याचा उल्लेख येतो. तंजावरच्या सरस्वती महालात, म्हणजे कुंभकोणम् पासून सुमारे ४० किलोमीटरांवर, श्रीनिवासभट्टांच्या हठरत्नावलीची हस्तलिखिते जतन झाली आहेत. मराठी राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी, वाढविलेला हा ग्रंथसंग्रह आहे. हठरत्नावलीकार सहावर संतुष्ट नाहीत. ते आठ कर्मे सांगतात आणि नेती त्यांतही आहेच. तोटीच्या झारीने मिठाचे कोमट पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढणे, ज्याला आज सर्वत्र जलनेती म्हणतात, हा या जुन्या विधींचाच सौम्य आणि गृहस्थाला झेपेल असा अवतार होय.

कैवल्यधामात शुद्धिक्रिया हा अभ्यासाचा आणि उपचाराचा नित्याचा भाग झाला. सुताऐवजी मऊ रबरी नळी आली, जलनेतीस झारी आली. लोणावळ्याचा पावसाळा ज्याने पाहिला आहे, त्याला तेथे पडशाच्या रोग्यांची वाण कधी पडली नसेल हे सांगावयास नको.

ही क्रिया उपकारक का होते, हे आजच्या शरीरशास्त्राने चांगले उलगडले आहे. नाकाच्या आत वळ्या असतात. त्यांवरील ओलसर अस्तर श्वासाला ऊब व ओलावा देते आणि धूळ धरून ठेवते. त्या अस्तरावरील अतिसूक्ष्म लव चिकट श्लेष्म्याला सतत घशाकडे लोटत असते. पडशात अस्तर सुजते, श्लेष्मा घट्ट होतो, लवेचे काम मंदावते, आणि कपाळातील व गालांतील पोकळ्यांची तोंडे बुजतात. मिठाचे पाणी हा घट्ट श्लेष्मा, त्याबरोबर धूळ आणि परागही, धुऊन नेते. साध्या पाण्याने नाक झोंबते, कारण ते रक्तरसापेक्षा पातळ असल्याने अस्तराच्या पेशींत शिरून त्यांना फुगविते. पाण्यात मीठ शेकडा ०.९, म्हणजे अर्ध्या लिटरला सुमारे साडेचार ग्रॅम, असले की झोंबत नाही. एका वेळी एक नाकपुडी अधिक मोकळी असते आणि काही वेळाने पाळी बदलते, हे आपल्या स्वरशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होते. युरोपात ते कायझर या जर्मन वैद्याने १८९५ साली नोंदविले. म्हणून एक बाजू थोडी जड वाटली तर तेवढ्याने रोग झाला असे समजू नये.

विधी सोपा आहे. बेसिनवर किंवा मोरीत पुढे वाकावे, मान एका बाजूस कलती करावी, वरच्या नाकपुडीत झारीची तोटी लावावी आणि तोंडाने श्वास चालू ठेवावा. पाणी खालच्या नाकपुडीतून सावकाश वाहते. मग बाजू बदलावी. शेवटी पुढे वाकूनच हलक्या उच्छ्वासांनी उरलेले पाणी झाडून टाकावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरू नये, तसे केल्यास पाणी कानाकडे जाते. कान दुखत असताना, नाकातून रक्त येत असताना, अथवा नाक पूर्णपणे बंद असताना ही क्रिया करू नये.

एक सावधगिरी मात्र जुन्या ग्रंथांत सापडत नाही, आणि ती आज सांगितलीच पाहिजे. पाणी उकळून थंड केलेले अथवा शुद्ध केलेलेच असावे. तळी, विहिरी, टाक्या यांच्या कोमट पाण्यात क्वचित असा एक अमीबा असतो की जो पोटात गेला तर काही करीत नाही, पण नाकावाटे वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचून बहुधा प्राणच घेतो. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अशा मेंदूरोगाचे रुग्ण आढळले. तेव्हा महामहम् सारख्या तीर्थात भक्तिभावाने बुडी घ्यावी, पण ते पाणी नाकात ओढू नये. घरी नळाचे पाणीही उकळल्यावाचून झारीत भरू नये. झारीही दर वेळी धुऊन वाळवावी.

दुसरी मर्यादा ग्रंथकारांनी स्वतःच घालून ठेवली आहे. मेद आणि कफ ज्यांचे अधिक, त्यांनीच षट्कर्मे करावीत, इतरांनी करण्याचे कारण नाही, असे हठप्रदीपिका सांगते. इतकेच नव्हे तर केवळ प्राणायामानेच सर्व मल शोषले जातात असे मानणाऱ्या आचार्यांचाही ती उल्लेख करते. नाक मोकळे असता केवळ हौसेने रोज झारी घेऊन बसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

१९५१ साली कैवल्यधामात योगाचे महाविद्यालय सुरू झाले. १९६१ मध्ये तेथे यौगिक रुग्णालय उभे राहिले. दमा, मलावरोध यांसारख्या जुनाट व्याधींनी गांजलेले लोक तेथे येऊ लागले. स्वामीजींचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. एकीकडे रुग्णांची नोंद, दुसरीकडे प्राचीन ग्रंथांच्या पाठांचे संशोधन, असा दुहेरी व्याप त्यांनी संस्थेसाठी आखून दिला होता. क्रिया यंत्राने पारखावी तशी पोथीही पोथीशी ताडून पारखावी, असा त्यांचा आग्रह होता.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांनी देह ठेवला. चार वर्षांनी, १९७० मध्ये, त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती कैवल्यधामातून प्रसिद्ध केली. घेरंडसंहितेची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली.