सोबांतु

गणिताची उदाहरणे सोडवताना तुम्ही कंटाळता ना? या पाठात अशीच उदाहरणे लिहिणाऱ्या एका माणसाची ओळख करून घ्या.

जॉन विल्यम कोलेन्सो यांचा जन्म १८१४ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे झाला. खाणीत पाणी शिरले आणि वडिलांचा पैसा बुडाला. कोलेन्सोंनी शाळेत नोकरी करून शिक्षणासाठी पैसे जमवले. १८३६ साली केंब्रिज विद्यापीठात ते गणितात दुसरे आले. पुढे ते शिक्षक झाले. पण घराला आग लागली आणि डोक्यावर मोठे कर्ज झाले. त्यांनी लिहिलेल्या अंकगणिताच्या पुस्तकाने ते कर्ज फेडले! हे पुस्तक इंग्लंडच्या शाळांत खूप वर्षे चालले.

१८५३ साली त्यांना दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथे बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंचे प्रमुख, नेमण्यात आले. चाळिशीतल्या या माणसाने तिथे झुलू भाषा शिकायला सुरुवात केली. परकी भाषा शिकणे किती कठीण असते, हे तुम्हांला सांगायला नकोच. त्यांनी झुलूचे व्याकरण लिहिले आणि १८६१ साली शब्दकोश छापला. भाषांतरात विल्यम एन्गिडी हा झुलू तरुण त्यांना मदत करी. जलप्रलयाची कथा आली, तेव्हा हे सारे खरेच घडले का, असे त्याने विचारले. कोलेन्सोंनी हा प्रश्न टाळला नाही. बायबलमधील आकडे त्यांनी गणित्याच्या नजरेने तपासले आणि आपली शंका १८६२ पासून छापली. धर्मसत्ता खवळली. त्यांना पदावरून काढल्याचे जाहीर झाले. पण लंडनच्या न्यायासनाने १८६५ साली तो निर्णय रद्द ठरवला.

खरी कसोटी पुढेच होती. १८७३ साली ह्लुबी जमातीचे प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर बंडाचा आरोप आला. तरुणांच्या बंदुकांची नोंद करण्यावरून हा वाद झाला होता. गव्हर्नर त्यांच्यावर फौज घेऊन गेले आणि तेच न्यायाधीश म्हणूनही बसले. आरोपीला वकील मिळाला नाही. शिक्षा झाली जन्मभर हद्दपारीची. असा कुठे न्याय असतो का? कोलेन्सोंनी साक्षी गोळा केल्या आणि १८७४ साली थेट लंडन गाठले. शिक्षा सौम्य झाली, गव्हर्नरांना परत बोलावण्यात आले. पण शेपस्टोन हे सरकारी अधिकारी त्यांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र होते. ते कायमचे दुरावले. गोऱ्या वसाहतकऱ्यांनीही पाठ फिरवली.

१८७९ साली इंग्रजांनी झुलू राज्यावर स्वारी केली. इसांडल्वाना येथे इंग्रज फौजेचा दारुण पराभव झाला. गोरे लोक संतापले होते. त्याच दिवसांत कोलेन्सोंनी चर्चमध्ये उभे राहून हे युद्ध अन्यायाचे असल्याचे सांगितले. पुढे राजा सेत्श्वायो केपमध्ये कैदेत असताना ते त्यांना भेटायलाही गेले.

झुलू लोक त्यांना ‘सोबांतु’, म्हणजे जनतेचा पिता, म्हणत. २० जून १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मुलगी हॅरिएट हिने ते काम पुढे चालवले. सेत्श्वायोंचा मुलगा दिनुझुलू याच्यावर खटला झाला, तेव्हा त्याच्या बचावासाठी ती उभी राहिली.