लेडी जमशेटजी : खाडीवर पूल बांधून देणाऱ्या आवाबाई

दादर-माहीमला खोली असलेल्या आपल्या चाकरमान्यांना लेडी जमशेटजी रोड चांगलाच माहीत आहे. पण ही लेडी जमशेटजी कोण, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. खाडी ओलांडण्याचे हाल आपल्याइतके कुणाला ठाऊक नसतील. म्हणूनच या बाईची गोष्ट आपण वाचायला हवी.

तिचं नाव आवाबाई. मुंबईतल्या फ्रामजी बाटलीवाला या पारशी व्यापाऱ्याची ही मुलगी. फ्रामजींचा धंदा बाटल्यांचा, म्हणून आडनाव बाटलीवाला. त्यांचा भाचा जमशेटजी जीजीभाई याचा जन्म १७८३ चा. १७९९ मध्ये त्याचे आईवडील गेले आणि पोरका पोरगा मामाच्या आधाराने धंदा शिकू लागला. पुढे १८०३ मध्ये मामाच्याच मुलीशी, म्हणजे आवाबाईंशी, त्याचं लग्न झालं.

जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. एका सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडलं, तेव्हा सगळं गमावून ते कसेबसे परत आले. पण धंदा सोडला नाही. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. अफूच्या पैशाची ही बाजू लपवण्यासारखी नाही. त्याच पैशातून मोठा दानधर्म झाला, हेही तितकंच खरं. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. कला महाविद्यालय यांना त्यांचंच नाव आहे. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यालाही त्यांनी पैसे दिले. बंडगार्डन हे नाव त्या बंधाऱ्यावरून पडलं. १८४२ मध्ये इंग्रज सरकारने जमशेटजींना सर हा किताब दिला आणि आवाबाई लेडी जमशेटजी झाल्या.

खाडीतलं मरण

तेव्हाची मुंबई म्हणजे बेटं. माहीम एका काठाला, वांद्रे दुसऱ्या काठाला आणि मधे खाडी. पलीकडे जायचं तर होडी हाच मार्ग. पावसाळ्यात वारा सुटला, पाणी खवळलं की होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. १८४१ मध्ये तर इथे वीसेक होड्या उलटल्याची नोंद आहे.

इथे पूल हवा, हे सगळ्यांना कळत होतं. पण ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार पैसा सोडायला तयार नव्हतं. मग आवाबाई पुढे आल्या. त्यांनी आधी एक लाख रुपये दिले. खाडीतलं काम ते, खर्च वाढत गेला आणि अर्ध्यावर पैसे संपले. काम बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यांनी आणखी ५७ हजार दिले. एकूण १ लाख ५७ हजार रुपये, आणि तेही त्या काळातले!

पैसे देताना त्यांनी एक अट घातली. या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही.

आपला कॉजवे वेगळा

१८४५ च्या एप्रिलमध्ये माहीम कॉजवे लोकांसाठी खुला झाला. आपल्याकडे कॉजवे म्हटलं की पावसात पाण्याखाली जाणारा बुटका पूल डोळ्यांसमोर येतो. हा तसला नव्हे. इथे खाडीत दोन्ही बाजूंनी भराव घालून उंच रस्ता केला आणि भरती-ओहोटीचं पाणी खेळतं राहावं म्हणून मधे पूल ठेवला. मुंबई-ठाणे पहिली रेल्वे धावली ती १८५३ मध्ये, म्हणजे या रस्त्यानंतर आठ वर्षांनी. होडीची वाट बघणारी माणसं आता बैलगाडीने, पायी, हव्या त्या वेळी पलीकडे जाऊ लागली. मुंबई उत्तरेकडे पसरली त्यात या रस्त्याचा मोठा वाटा आहे.

जमशेटजी १८५९ मध्ये गेले. आज त्या कॉजवेच्या जवळच समुद्रातून वांद्रे-वरळी सागरी सेतू जातो. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्या सेतूवर टोल भरावा लागतो. आवाबाईंच्या रस्त्यावरून मात्र बस, हातगाडी, सगळे फुकट जातात.

आपल्याकडे व्हाळावर पोफळीचे सोट टाकून साकव बांधतात, मोठ्या पावसात तो वाहून जातो आणि पुन्हा बांधावा लागतो. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की कर्ली खाडीपलीकडचं भोगवे समोर दिसतं, पण गाडीने जायचं तर मोठा वळसा. रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा आजारी माणूस घेऊन निघालेल्याला विचारा, पूल म्हणजे काय ते. पूल नसला की श्रीमंत वळसा घालतो, गरीब काठावर थांबतो. आवाबाईंच्या अटीचं मोल इथे कळतं. पूल झाला पण ओलांडायला पैसे पडले, तर गरीब पुन्हा होडीतच बसणार होता.

पुढच्या खेपेला मुंबईत माहीमहून वांद्र्याला जाताना खिडकीतून खाडीकडे एकदा बघा आणि शेजारी बसलेल्या पोरांना ही गोष्ट जरूर सांगा.