नारायण शेषाद्री

रेव्हरंड नारायण शेषाद्री (जन्म : इ.स. १८२० च्या सुमारास. मृत्यू : इ.स. १८९१) हे मराठी ख्रिस्ती पाळक आणि मराठवाड्यातील ग्रामीण ख्रिस्ती मंडळीच्या आद्य उभारणीकारांपैकी एक होते. जालन्याजवळील बेथेल या वसाहतीशी त्यांचे नाव निगडित आहे.

शिक्षण आणि धर्मांतर

नारायण यांचा जन्म ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात डॉ. जॉन विल्सन व रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. १८३९ मध्ये याच मिशनमध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतल्यामुळे शहरात मोठी खळबळ उडाली होती. अशा वातावरणात १८४३ मध्ये नारायण यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये राहावयास गेला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे, यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. त्यामुळे हे प्रकरण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाचे ठरले. श्रीपत स्वधर्मात परतला. नारायण मात्र आपल्या निर्णयावर अखेरपर्यंत ठाम राहिले. एकाच घरातील दोन भावांचे मार्ग असे कायमचे वेगळे झाले.

जालना आणि बेथेल

१८५४ मध्ये नारायण यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८६० च्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. आजचे जालना, नांदेड व लातूर हे जिल्हे त्या वेळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत. जालन्यात इंग्रजी लष्कराची छावणी होती. परंतु नारायण यांचा ओढा आसपासच्या खेड्यांकडे होता. त्यांच्या उपदेशाला प्रामुख्याने मातंग समाजातून प्रतिसाद मिळाला.

गावात धर्मांतरितांपुढे राहण्याचा आणि उपजीविकेचा प्रश्न उभा राही. केवळ बाप्तिस्म्याने तो सुटणारा नव्हता. म्हणून नारायण यांनी स्वतंत्र गाव वसविण्याचे ठरविले. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून त्यासाठी जमीन मिळाली. ‘देवाचे घर’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून गावाला बेथेल हे नाव देण्यात आले. तेथे उपासनामंदिर, शाळा आणि शेती यांच्या आधारे मंडळीचे जीवन आकारास आले. ज्यांच्या स्पर्शाचाही विटाळ मानला जाई, त्यांच्यामध्ये जन्माने ब्राह्मण असलेल्या पाळकाने आयुष्य वेचावे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

अखेरचा काळ

१८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते उपस्थित होते. १८९१ मध्ये परदेशप्रवासात असताना जहाजावर त्यांचे निधन झाले. ज्या मंडळीसाठी ते झटले, तिच्या भूमीत त्यांना विसावा लाभला नाही. बेथेल हेच त्यांचे स्मारक ठरले.