रविवार मिळवून देणारा स्टोअरकीपर

एफ.ई.ची परीक्षा संपली आणि आम्ही चौघे एका केमिकल फॅक्टरीत ट्रेनिंग मागायला गेलो. तिघांना गेटपास मिळाला, माझा रूम पार्टनर परत. त्याला १८ पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणीत, स्फोटकांच्या कामात आणि धोकादायक प्रक्रियेत ठेवता येत नाही. त्यामुळे कंपनी ट्रेनिंगचीही रिस्क घेईना. पठ्ठ्या रूमवर येऊन कायद्याला शिव्या घालत बसला. तेव्हा मी त्याला नारायण मेघाजी लोखंड्यांची गोष्ट सांगितली.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. मॅट्रिकपर्यंत शिक्षण, मग रेल्वे, पोस्ट आणि शेवटी मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. तिथं त्यांनी गिरणी आतून पाहिली. पहाट ते अंधार पडेपर्यंत काम, आणि त्यात लहान पोरंही. १८८० मध्ये नोकरी सोडून ते मुंबईत 'दीनबंधु' चालवू लागले. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात कामाला लावायचं किमान वय होतं ७! ७ ते १२ च्या पोरांना दिवसाला ९ तास. (आपली प्रॅक्टिकल्स धरूनसुद्धा ९ तास होत नाहीत.) आणि जन्मदाखला कुणाकडे असणार? डॉक्टरने पोराकडे बघून वय ठरवायचं. मोठ्यांच्या तासांना तर मर्यादाच नव्हती.

गंमत म्हणजे असा कायदा व्हावा म्हणून लँकेशायरचे गिरणीवालेही जोर लावत होते, कारण मुंबईचं स्वस्त कापड त्यांना खुपत होतं. म्हणून आपले बरेच पुढारी कायद्याच्या विरोधात गेले. लोखंड्यांनी मात्र मालक देशी की विलायती हे न बघता कामगाराची बाजू घेतली. मला हाच माणूस यात सर्वांत सरळ वाटतो.

१८८४ मध्ये परळला सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडलं. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनसमोर मुंबईच्या कामगारांतर्फे लोखंडेच होते. १८९१ च्या कायद्याने किमान वय ९ झालं आणि मुलांचे तास ७ वर आले. दहा वर्षांत वय वाढलं दोनच वर्षांनी. पुढे १९२२ ला १२ आणि १९४८ ला १४ झालं, पण ते बघायला लोखंडे नव्हते. प्लेगच्या रोग्यांसाठी धावपळ करताना त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. २००५ मध्ये पोस्टाने आपल्या या जुन्या नोकराचं तिकीट काढलं.

पार्टनर गप्प ऐकत होता. त्याचे १८ जुलैमध्ये पूर्ण झाले, पण तोवर कॉलेज सुरू झालं होतं.