दादाभाईंचे दप्तर

दप्तर म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पाठीवरची पिशवी उभी राहते. परंतु या शब्दाचा जुना अर्थ कागदपत्रांचा संग्रह असा असून, पेशव्यांचे दप्तर या शब्दप्रयोगात तो अद्याप जिवंत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असेच एक दप्तर जतन करून ठेविले आहे. त्यात सुमारे ३०,००० कागद आहेत. ते ज्यांचे, ते दादाभाई नौरोजी १८९२ ते १८९५ या काळात ब्रिटिश पार्लमेंटाचे सभासद होते. पुष्कळांस त्यांच्याविषयी एवढेच ठाऊक असते. पण ही तीन वर्षे म्हणजे त्यांच्या ब्याण्णव वर्षांच्या आयुष्याचा एक लहानसा तुकडा होय.

दादाभाईंचा जन्म १८२५ साली एका गरीब पारशी उपाध्यायाच्या कुळात झाला. वयाच्या चौथ्या वर्षी पितृछत्र हरपले आणि त्यांना वाढविण्याचा सर्व भार माता माणेकबाई यांच्यावर पडला. त्या वेळी मुंबईत शिक्षणास फी पडत नसे, म्हणूनच हा मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनपर्यंत पोहोचू शकला. लोकांच्या पैशाने आपण शिकलो, तेव्हा आपली विद्या लोकांचीच आहे, ही समजूत त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली. सर अर्स्किन पेरी यांनी या हुशार तरुणास बॅरिस्टरीसाठी विलायतेस पाठवावयाचे मनात आणिले, आणि निम्मा खर्च सोसण्याची तयारी दर्शविली. उरलेला निम्मा पारशी पुढाऱ्यांनी द्यावयाचा होता. मुलगा तेथे जाऊन ख्रिस्ती होईल या भीतीने त्यांनी नकार दिला! मिशनच्या शाळेत मुले घालणाऱ्या पालकांना ही गोष्ट वाचून थोडे हसू येईल. तथापि दादाभाई आपल्या पूर्वजांच्याच धर्मात अखेरपर्यंत राहिले.

पुढे ते त्याच संस्थेत गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. असा मान तेथे मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १८४९ साली त्यांनी व त्यांच्या मित्रांनी मुलींसाठी मराठी व गुजराती शाळा उघडल्या. आपले नित्याचे काम सांभाळून ही तरुण मंडळी तेथे विनावेतन शिकवीत. मुली मिळविण्यासाठी घरोघर हिंडावे लागे, आणि काही बापांनी तर त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याचा धाक घातला. आमच्या कन्याशाळेतील मुलींनी हे ध्यानात ठेवावे; त्यांच्या पाटीपेन्सिलीपायी कोणी तरी असे धाक सोसले आहेत.

१८५५ साली ते कामा कंपनीच्या व्यापाराकरिता लंडनला गेले. परंतु अफू व दारू यांच्या व्यवहारातील नफा त्यांच्या विवेकबुद्धीस रुचेना, म्हणून १८५८ साली त्यांनी ती भागीदारी सोडून दिली. १८७३ साली बडोद्याची दिवाणगिरी पत्करली, पण दरबारचे राजकारण व रेसिडेंटाचा विरोध यांमुळे ती फार काळ टिकली नाही.

त्यांचे खरे कार्य आकड्यांचे होते. हिंदुस्थान इतका दरिद्री का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला, आणि भाषणबाजी न करता सरकारच्याच अहवालांतून प्रांतोप्रांतीचे पीक, त्याचा भाव, मीठ, खाणी यांचे हिशोब जुळविले. १८६७ ते १८७० या काळातील आकड्यांवरून माणशी वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये निघाले. मग तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च त्यांनी याच्या शेजारी मांडला. तो खर्च अधिक होता! गुन्हेगारास जे मिळते तेही कष्टकरी रयतेस मिळत नाही, हे वाचून अनेक इंग्रज गृहस्थ चरकले. दरवर्षी या देशाची संपत्ती वेतने, निवृत्तिवेतने व इतर रूपांनी विलायतेस वाहून जाते, हे त्यांचे प्रतिपादन. त्यावरील मोठा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला. आकडे कंटाळवाणे असतात असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

पार्लमेंटात शिरण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न १८८६ साली फसला. दोन वर्षांनी मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एका सभेत त्यांच्या वर्णाचा तुच्छतेने उल्लेख केला. परिणाम असा झाला की, ज्यांनी दादाभाईंचे नाव कधी ऐकले नव्हते त्यांनाही ते पाठ झाले. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अवघ्या ५ मतांनी निवडून आले. विनोदी इंग्रजांनी नौरोजी या नावाचे नॅरो-मेजॉरिटी असे रूपांतर केले. सनदी नोकरीच्या परीक्षा विलायतेबरोबर हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा ठराव २ जून १८९३ रोजी ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला, पण सरकारने तो अमलात आणिला नाही. त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक पुत्र, डॉक्टर अर्देशर, हिंदुस्थानात मरण पावला. पिता तेव्हा लंडनमध्ये होता. डिसेंबरात ते आले, ते लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविण्यासाठी.

आता पुन्हा त्या दप्तराकडे वळू. येणारे पत्र जपून ठेवावे, जाणाऱ्या पत्राची नक्कल ठेवावी, ही त्यांची व्यापारी शिस्त. म्हणून त्यात ह्यूम व वेडरबर्न यांच्यासारख्या थोरांच्या पत्रांशेजारी, परक्या शहरात अडचणीत सापडलेल्या अनोळखी हिंदी तरुणांची पत्रेही आढळतात. यांपैकी एक तरुण १८८८ साली ओळखपत्र घेऊन लंडनला आला होता, पण थोर माणसाचा वेळ कसा घ्यावा म्हणून कितीतरी दिवस ते खिशातच ठेवून बसला. १८९४ साली त्याने नाताळहून दादाभाईंना लिहिले: आपण वयाने लहान व अननुभवी आहोत, तेव्हा मार्गदर्शन व्हावे. दादाभाईंनी तेथील हिंदी लोकांचे गाऱ्हाणे वसाहतमंत्र्यांपर्यंत पोहोचविले. तो तरुण म्हणजे मोहनदास गांधी. १९३९ साली रुस्तुम मसानी यांनी याच कागदांच्या आधारे दादाभाईंचे चरित्र लिहिले, तेव्हा त्याची प्रस्तावना गांधीजींनीच लिहिली.

१९०६ साली एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंनी कलकत्त्याच्या काँग्रेसपुढे स्वराज्याची मागणी मांडली. आवाज क्षीण झाल्यामुळे त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखविले. १९०७ साली ते कायमचे स्वदेशी परतले आणि मुंबईजवळ वर्सोवा येथे समुद्रकाठी राहू लागले. हिंडणेफिरणे थांबले, तरी टपाल थांबले नाही. दिनशा वाच्छा त्यांना १८८४ पासून नियमाने लिहीत आले होते. मुंबईत काय चालले आहे, कोण रुसले, कोणाकडून वर्गणी आली नाही, सर्व काही त्या पत्रांत असे. हा पत्रव्यवहार १९७७ साली छापून निघाला. त्यातील अखेरचे पत्र एप्रिल १९१७ मधील आहे. ३० जून रोजी दादाभाई निवर्तले.